दाण्यामागून उंदीर, उंदरामागून धामण

प्रश्न : नमस्कार ताई. एकतीस वर्षं डोंबिवलीत काढून, यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही फोंडा तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी राहायला आलो. घर जुनं. मागे वीस-बावीस माडांचं परसू, विहीर, चिऱ्यांचा गडगा आणि त्याला लागून माजलेली वई, म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण. सकाळी चहा घेऊन सोप्यावर बसलं की मला दुसरं काही नको वाटतं. पक्षी यावेत म्हणून दिवाळीत मी आंब्याच्या फांदीला बाजरी-तांदळाचं भांडं टांगलं. आले ते पारवे आणि कावळे. मार्चपासून मागच्या पडवीत उंदीर झाले आणि पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीघराजवळ सहा-सात फुटांची धामण निघाली. तेव्हापासून यजमानांनी ठरवलंय की पाऊस सुरू व्हायच्या आत वई तोडायची, पाचोळा जाळायचा, वीज पडून मेलेला एक माड आहे तो पाडायचा आणि विहिरीपर्यंत सगळीकडे पेव्हर घालायचे. शेजाऱ्यांनी तसंच केलंय. कढीपत्त्याला अळ्या पडल्यात, गेल्या पावसात मोठ्या गोगलगायींनी रोपं फस्त केली, तेही त्यांच्या यादीत आहे. चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानातल्या फळा-पानांची चौकट, मात्र ते हौसेने बांधतात, बागेचं वावडं आहे असं नाही. मला साप नको आहेत. पण पक्षी, फुलपाखरं हवी आहेत आणि त्यांच्यासाठी काही करायचंही आहे. सोप्यावरच्या दिव्याच्या वायरला शिंजीरने घरटं लावलंय. पिल्लं उडेपर्यंत कामगार आणू नका, एवढं एकच मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. पुढे काय करू?

उत्तर : वहिनी, आधी ते बाजरीचं भांडं उतरवा. आज संध्याकाळीच उतरवा आणि खाली सांडलेले दाणे झाडून घ्या. तुमच्या पत्रातला निम्मा प्रश्न त्या फांदीलाच लोंबकळतो आहे.

पारव्यांनी खाल्ले त्याहून जास्त दाणे खाली उडवले. रात्री ते वेचायला उंदीर आले. पडवीत नारळाची सोडणं आणि लाकडं रचलेली असणारच, त्यामुळे राहायची सोयही झाली. आणि उंदीर झाल्यावर धामणीला कुणी पत्ता सांगावा लागत नाही. दिवाळी, मग मार्च, मग पंधरा दिवसांपूर्वी, असा क्रम तुम्ही स्वतःच लिहिला आहे. यजमानांना तो तसाच वाचून दाखवा. धामण वईतून आली म्हणून वई तोडायची, हे साप साप म्हणून भुई धोपटणं झालं. वई तुमच्या सासऱ्यांच्याही आधीपासून तिथे असेल. नवं होतं ते भांडं.

दाणे टांगायची पद्धत मुळात थंड मुलखातली. तिथे हिवाळ्यात जमीन बर्फाखाली जाते, पाखरांची उपासमार होते, म्हणून लोक दाणे ठेवतात. आपल्या गोव्यात तसा काळच येत नाही. शिवाय तुम्हाला जे पक्षी बघायचे आहेत ते दाण्यांकडे ढुंकूनही बघणार नाहीत. शिंजीर फुलातला मध पितो, तांबट आणि कुटुर्गा फळं खातात, दयाळ आणि नाचण किडे टिपतात, हळद्या फळं आणि अळ्यांवर असतो. त्यांचं ताट तुमच्या परसात वाढलेलंच आहे. माकडांना केळी, कावळ्यांना पाव, फरसाण हेही करू नका. माकडांना एकदा सवय लागली की ती पुढे स्वयंपाकघरात येतात, आणि मग त्यांनाच दगड खावे लागतात.

आता धामणीचं. ती बिनविषारी आहे. दिवसा हिंडते, उंदीर आणि बेडूक खाते, माणसाची चाहूल लागली की पळते. डोळे मोठे, गोल, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, फणा नाही. ती म्हशीचं दूध पिते, शेपटीने मारते, नागाशी जोडी जमवते या सगळ्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्या. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसतात ते दोन नर असतात, त्यांची कुस्ती चाललेली असते. धामण मारणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याचं सोडा. तुमच्या पडवीतले उंदीर फुकटात कमी करणारं दुसरं कोण आहे?

तरीही यजमानांची भीती खोटी नाही. आपल्या भागात नाग आहे, घोणस आहे, मण्यार आहे, फुरसं आहे. काजूच्या पाचोळ्यात तपकिरी चापडा बसलेला असतो तो दिसतही नाही. या भीतीला तुम्ही वाद घालून उत्तर देऊ नका, व्यवहाराने द्या. घराच्या भिंतीपासून दहा-बारा फुटांचा पट्टा त्यांच्या मनासारखा लख्ख ठेवा. तिथे पाचोळा नको, सोडणं नकोत, चिऱ्यांचा ढीग नको. लाकडं पडवीतून हलवून परसाच्या टोकाला, जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर रचा. न्हाणीघराच्या मोरीला जाळी, मागच्या दाराखाली पट्टी. न्हाणीघर ते विहीर एवढ्या वाटेपुरते चिरे बसवा. रात्री बाहेर जाताना हातात बॅटरी आणि पायात चप्पल हवीच. पाचोळ्यात काम करताना गमबूट घाला, आणि जिथे नजर जात नाही तिथे हात घालू नका. जमिनीवर झोपायची सवय असेल तर मच्छरदाणी नीट खोचून झोपा, मण्यार रात्रीच घरात शिरते. गावातल्या प्रशिक्षित सर्पमित्राचा आणि जवळच्या वन कार्यालयाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि देव न करो, कुणाला चावलाच तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं, मंत्र घालणं यात एक मिनिटही घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला सरळ फोंड्याच्या इस्पितळात न्या, तिथून गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात.

या पट्ट्यापलीकडचं परसू मात्र तुमचं. तसं उघड मागून घ्या.

कढीपत्त्यापासून सुरुवात करा, कारण तो दारातच असेल. उद्या सकाळी चष्मा लावून त्याच्या कोवळ्या शेंड्याजवळ बसा. पानावर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळा मोत्यासारखा एकेक ठिपका दिसेल, ते अंडं. थोड्या मोठ्या पानावर कावळ्या-चिमणीने घाण केल्यासारखं काहीतरी दिसेल, तपकिरी, मध्ये पांढरा फराटा, ओलसर चकाकणारं. ते हललं तर समजा अळी आहे. पक्ष्याने आपलीच विष्ठा समजून सोडून द्यावं म्हणून तिचं हे सोंग. शेवटची कात टाकली की ती पानासारखी हिरवीगार होते आणि डोक्यामागे दोन खोटे डोळे दिसतात. तिला काडीने अलगद स्पर्श करा. मानेजवळून लालसर, ओलं, दुभंगलेलं शिंग झटकन बाहेर येतं आणि लिंबाच्या पानासारखा उग्र वास सुटतो. दोन-तीन सेकंदांत शिंग परत आत. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल, अजून दर वेळी हात मागे घेते.

हे बहुतेक कॉमन मॉर्मन असणार. काळं फुलपाखरू, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची माळ, तो नर. मादी कधी नरासारखी दिसते, तर कधी पंखांवर लाल डाग घेऊन कॉमन रोझ या वेगळ्याच फुलपाखराचं रूप घेते. कॉमन रोझची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते, तिच्यातलं विष अंगात मुरवते, म्हणून पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. मॉर्मन मादीत विष नसतं, नुसतं रूप उसनं असतं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो. हिरवी अळी खायचं थांबवून काडीशी जाऊन बसली, कमरेभोवती धाग्याचा फास घालून टेकली, की कोश होणार असं समजा आणि रोज बघत राहा. पंख उघडायचे ते बहुधा सकाळी.

झाड मोठं असेल तर अळ्यांना खाऊ द्या, पावसाच्या पहिल्या सरींबरोबर त्याला दुप्पट पालवी येते. रोप लहान असेल तर दोन अळ्या ठेवून बाकीच्या लिंबाच्या किंवा बेलाच्या झाडावर नेऊन सोडा, त्यांना तीही पानं चालतात. आमटीपुरती फांदी हवी तर जाळीचं कापड गुंडाळून राखून ठेवा. पण फवारणी नको. ती मी करून बसले आहे. साखळी गावच्या आमच्या घरी सात वर्षांपूर्वी कढीपत्त्याच्या अळ्या मारायला दुकानातून कडक औषध आणलं आणि शेजारच्या हळदीच्या वाफ्यावरही हात फिरवला. हळदीच्या दोन पानांच्या शिवणीत शिंपी पक्ष्याचं घरटं होतं, ते मला ठाऊक होतं. मला वाटलं, पाखरांना काय होतंय, किड्यांचं औषध आहे. त्याच आठवड्यात घरटं गप्प झालं. त्यानंतर आमच्या घरात फवारणीचा पंप नाही.

तेव्हा माझ्या लक्षात न आलेली गोष्ट तुम्हाला सांगते. मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना मध पाजून वाढवत नाही. पिल्लांना कोळी हवेत, अळ्या हव्यात, मऊ किडे हवेत. तुमच्या वायरवरच्या घरट्याकडे अर्धा तास बघा, आई-बाप चोचीत काय आणतात ते दिसेल. घरटं नीट पाहिलंत का? लांबोळं, थैलीसारखं, दाराशी छोटं छप्पर, बाहेरून सालपटं आणि कचरा चिकटवलेला. हा सगळा संसार कोळ्याच्या जाळ्याने बांधलेला असतो. वळचणीची जाळी चतुर्थीच्या साफसफाईत एकजात काढून टाकू नका, एखादा कोपरा राखा. अंडी बहुधा दोन. ती उबवायला दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी दोन आठवडे. तोवर तो दिवा लावूच नका आणि मोबाइल घेऊन जवळ जाऊ नका.

आणि उडायच्या दिवशी एखादं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर घाबरू नका. पिसं आलेली असतील, डोळे उघडे असतील तर ते उडायला शिकतंय. मांजराला घरात कोंडा, पिल्लू उचलून जवळच्या जास्वंदीच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की आई टाकते ही समजूत खरी नाही. उघडं, पिसं नसलेलं पिल्लू असेल तर परत घरट्यात ठेवा. घरटंच तुटलं असेल तर करवंटीत सुकलं गवत घालून त्याच जागी बांधा, आई-बाप आवाजावर येतात. चोचीत पाणी सोडू नका, दूध तर मुळीच नको.

आता वई. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण पाच हजार रुपयांत दोन माणसं जी वई एका सकाळीत आडवी करतील ती परत उभी राहायला दहा पावसाळे लागतात.

यजमान माटोळी हौसेने बांधतात असं तुम्ही लिहिलंत. तिथेच तुमची वाट आहे. गेल्या चतुर्थीला माटोळीचं सामान त्यांनी फोंड्याच्या बाजारातून आणलं असेल. शेरवडीची पांढरी पानं, घागऱ्यांचे झुबके, कवंडळाची लाल फळं. सासऱ्यांच्या काळात हे बाजारातून येत नव्हतं, याच वईतून आणि मागच्या डोंगरातून येत होतं. त्यांना विचारा, लहानपणी कुठून तोडायचे. मग त्यांनाच पुढे घालून एकदा वईच्या कडेने चालत जा.

शेरवड पावसात लगेच ओळखू येते. नारिंगी चांदणीसारखं छोटं फूल आणि त्याला चिकटून एक मोठं पांढरंशुभ्र पान. कमांडर नावाचं, विटकरी रंगाचं, पंखांवर पांढरा पट्टा असलेलं फुलपाखरू या झाडावर अंडी घालतं. त्याची लहान अळी पान दोन्ही कडांनी खाते, मधली शीर शिल्लक ठेवते आणि त्या शिरेवर सुक्या काडीसारखी बसून राहते. अशी शीर उघडी पडलेली पानं दिसली तर तिथे अळी आहेच. घागरीची गोष्ट आणखी वेगळी. तिची शेंग सुकली की आत बिया खुळखुळतात, म्हणून ते नाव. टायगर आणि क्रो जातीच्या फुलपाखरांचे नर तिच्या पानांवर, सुक्या शेंगांवर गर्दी करतात, पायांनी पान खरवडतात आणि त्यातला रस शोषतात. त्या रसातलं द्रव्य त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध बनवायला लागतं. गेल्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या मागच्या सड्यावर एका घागरीच्या झुडपावर मी अठ्ठावीसपर्यंत मोजली, पुढे मोजणं जमलं नाही.

घागरी दर पावसात बियांतून उगवते. बी मातीत पडून असतं. त्यावर पेव्हर बसवले की पुढच्या चतुर्थीला ती बाजारातूनच आणावी लागेल, आणि बाजारात आणणारा तरी कुठून आणणार?

वई वाढली आहे हे मान्य, आटोक्यात ठेवायलाच हवी. पण या महिन्यात नको. बुलबुल, सातभाई, शिंपी यांची घरटी आत असण्याचे हे दिवस आहेत. पाऊस संपून दिवाळी झाली की वाटेकडची बाजू छाटा, तीही यंदा अर्धी आणि पुढच्या वर्षी अर्धी. रानमोडी आणि घाणेरी मात्र बिनदिक्कत उपटा, त्यांच्यावर माझी माया नाही. त्या बाहेरून आल्या आणि आपल्या झाडांचा गळा धरतात. उपटलेल्या जागी ईश्वरीची वेल लावा. कॉमन रोझच काय, नशीब असेल तर दक्षिणेतलं सगळ्यात मोठं फुलपाखरू, सदर्न बर्डविंग, दारात येईल. काळे आणि पिवळे पंख, हाताच्या पंजाएवढं, माडाच्या उंचीवरून सावकाश जातं.

पेव्हरचं एका वाक्यात सांगते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तुमची विहीर त्याच परसातून मुरलेल्या पाण्यावर भरते. विहिरीचं तोंड आपणच सिमेंटने बंद करायचं का, एवढं यजमानांना विचारा.

गोगलगायींचा राग मला समजतो. ही मोठी आफ्रिकन गोगलगाय आपली नव्हे. १८४७मध्ये एका इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या बागेत सोडली आणि तिथून ती देशभर झाली. तिला दयामाया दाखवू नका. पण दुकानात मिळणाऱ्या विषारी निळ्या गोळ्याही टाकू नका, त्या कुत्र्याने खाल्ल्या तर कुत्रं जातं, पक्ष्यांनी खाल्ल्या तर पक्षी. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा, त्याखाली पपईची पानं ठेवा, रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन गोळा करा आणि बादलीभर मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे घाला, त्यांच्या अंगावर माणसाला अपाय करणारे जंत असतात. मातीत साबुदाण्याहून थोडी मोठी, पिवळसर अंडी शेकड्याने सापडतील, तीही काढा. जून-जुलैत पंधरा दिवस नेमाने केलंत तर फरक दिसतोच.

या कामात एक मदतनीस आहे, तो भारद्वाज. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, कुक्-कुक् करत माडाखालून चालणारा. त्याचं दर्शन शुभ मानतो ना आपण? तो या गोगलगायी खातो, आणि घरटं दाट वईत करतो. दुसरे मदतनीस काजवे. त्यांच्या अळ्या ओल्या पाचोळ्यात राहतात आणि लहान गोगलगायी मारून खातात. काजव्याचं बहुतेक आयुष्य त्या पाचोळ्यातच जातं, पंख फुटून चमकणं शेवटच्या थोड्या दिवसांचं. पाचोळा जाळला की पुढच्या वर्षीचे काजवे जळतात. म्हणून तो झाडून माडांच्या आळ्यात घाला; पावसात कुजून खत होतो, मुळांना ओल राहते. आणि परसात रात्रभर पांढरा दिवा जळत असेल तर तो बंद ठेवा. काजवे उजेडाच्या खुणेने जोडीदार शोधतात, झगमगाटात त्यांना एकमेक दिसत नाहीत. दिवा हवाच असेल तर पिवळा, मंद, खाली तोंड केलेला.

मेलेल्या माडाबद्दल मी तुमच्या आणि यजमानांच्या मध्ये आहे. घरावर किंवा वाटेवर पडेल असा असेल तर धोका पत्करू नका. पण मुळासकट पाडायची गरज नाही. शेंडा उतरवून बारा-पंधरा फुटांचं खोड उभं ठेवा. सोनपाठी सुतार त्याला भोक पाडेल, त्याने सोडलेल्या ढोलीत पोपट येतील, दयाळ येईल, पिंगळा येईल. पिंगळ्याची जोडी म्हणजे रात्रपाळीचे उंदीरमारे. उतरवलेला शेंडा आणि ओंडके मात्र परसात कुजत टाकू नका, त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि बाकीच्या माडांचे कोंब पोखरतो. शेणखताचा खड्डाही त्याच कारणाने अधूनमधून उलटून बघा. उभं खोड दोन-तीन वर्षांत भुसभुशीत झालं की काढून टाका.

पाखरांना काहीतरी द्यायची तुमची हौस आहे, ती पाण्याने भागवा. डिचोलीच्या कुंभारांकडे मातीचं पसरट परळ मिळतं. त्यात दोन बोटं पाणी, मध्ये एक खडबडीत चिरा, म्हणजे लहान पाखराला पाय ठेवायला जागा. झुडपापासून सहा-सात फुटांवर ठेवा; मांजर दबा धरू शकत नाही आणि पाखराला उडून लपता येतं. पाणी रोज बदला आणि परळ काथ्याने घासा. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडा पुरतो, म्हणून रोज बदललेलं पाणी निर्धास्त. या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला जाळीच्या दाराआडून बघा. आधी बुलबुल येतो, तो न्हाऊन गेल्यावर बाकीचे.

विहिरीत सुंभाची एक जाड, गाठी मारलेली दोरी पाण्यापर्यंत सोडून ठेवा. पडलेली खार, उदमांजराचं पिल्लू त्यावरून वर चढतं. आमच्या विहिरीत दोरी बांधल्यापासून मेलेला प्राणी काढावा लागलेला नाही.

पहिला मोठा पाऊस पडला की त्या रात्री शेतात माणके ओरडायला लागतील, म्हणजे मोठे बेडूक. नर हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याला दोन निळे फुगे. त्यांच्या मागे बॅटऱ्या घेऊन पोरं फिरतात, ‘जंपिंग चिकन’ म्हणून हॉटेलांतही जातात. बेडूक मारणं गुन्हा आहे, आणि आपल्या देशाने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७मध्येच बंद केली. तुमच्या परसात कुणी शिरलं तर हटका, ऐकलं नाही तर वन खात्याला कळवा. तुम्ही दोघं मुंबईकडून आलात म्हणून गावात बोलायला संकोच वाटेल. तो करू नका, जागा तुमची आहे.

यजमानांना पक्षी आवडायला लावायची घाई करू नका. एक वही घ्या, सोप्यावर ठेवा. सकाळच्या चहाला पंधरा मिनिटं जे दिसलं ते तारीख घालून लिहा. नाव येत नसेल तर ‘काळं डोकं, पिवळं पोट’ असं लिहा. निवृत्त माणसाला नोंदवही दिसली की हिशेब ठेवायचा हात शिवशिवतो, हे मी माझ्याच घरी पाहिलं आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराजवळचे पक्षी मोजतात, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. तोवर तुमच्या वहीत नऊ महिने जमलेले असतील, दोघांनी मिळून त्यात भाग घ्या.

कामगार येतील ते शिंजीरची पिल्लं उडाल्यावर, असं ठरलंच आहे. त्याआधी एक दिवस घरातली जुनी लाल साडी फाडून चिंध्या करा. शेरवड, कवंडळ, ईश्वरी, भारद्वाज ज्या जाळीत शिरतो ती जाळी, सगळ्यांना एकेक चिंधी बांधायची. बांधायला यजमानांनाच सांगा. माटोळीची झाडं त्यांना तुमच्याहून जास्त ओळखू येतात. आणि कामगारांना पहिल्याच सकाळी चहा देताना यजमानांनाच सांगायला लावा, की चिंधी दिसेल तिथे कोयता लावायचा नाही.